लोण्याचा वास

दुकान सहाला बंद होतं. मग मागच्या खोलीत
मी निळे हातमोजे चढवते
आणि वजनकाटा शून्यावर आणते.

आधी ग्लिसरीन. त्याला कसलीच घाई नसते.
मग प्रोपिलीन ग्लायकॉल: ना रंग, ना मत,
ज्यात घालाल त्याचं होऊन जाणारं.
मग निकोटीन. त्याची बाटली कुलपात.
मागच्या हिवाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या कुत्रीने
सोफ्याखाली सांडलेलं चाटलं.
तेव्हापासून मी झाकण लावलं तरी पुन्हा फिरवून बघते,
घरी गेल्यावरही, लोणच्याच्या बरणीचं, शाम्पूचं, कशाचंही.

शेवटी स्वाद.
आयोवातल्या या गावाला चारी बाजूंनी मका,
आणि गावाला हवं असतं कस्टर्ड.
ट्रकवाले, रात्रपाळीच्या नर्सा,
सिगारेट सोडलेले पाद्री ह्यूइंगा
(पाच महिने अकरा दिवस, ते मोजतात),
सगळे तेच मागतात.

मी व्हर्लिन डाइकस्ट्राच्या तळघरात भाड्याने राहते.
छतातून त्याचं ऑक्सिजनचं यंत्र ऐकू येतं.
पन्नास फूट नळी ओढत तो घरभर हिंडतो,
दारात अडकली की डच शिवी देतो.
आजोबांकडून तेवढीच भाषा उरली आहे त्याच्याकडे.

एक तारखेला भाडं द्यायला वर गेले.
त्याने पैसे मोजले नाहीत.
नाक वर केलं, नळीसकट.
"लोणी," म्हणाला.
"कस्टर्ड आहे. दुकानातलं."
"लोणीच आहे, मारेन."

मग बसवून घेतलं. पॉपकॉर्नचा कारखाना,
तेलाची टाकी, गरम, माणूस बुडेल एवढी.
झाकण उघडून पिवळा अर्क बादलीने ओतायचा.
"वाफ तोंडावर यायची. छान वाटायचं.
बायको म्हणायची, शर्ट आजच धुऊ नकोस."
चौथ्या वर्षी जिना चढता येईना.
डॉक्टर म्हणाले, दमा. मग म्हणाले, सिगारेट.
त्याने जन्मात एक ओढली नव्हती.

डायअ‍ॅसिटिल.
हा शब्द तो तोडून तोडून उच्चारतो,
वकिलाने शिकवला तसा.
"खायला चालतं ते. अजून चालतं.
पोटाला विचारून घेतलं होतं त्यांनी.
फुप्फुसाला विचारायचं राहिलं."

रात्रीच दुकानात जाऊन फाइल काढली.
पुरवठादाराचं प्रमाणपत्र:
डायअ‍ॅसिटिल, आढळले नाही. सही, शिक्का.
मी फाइल मिटणारच होते.
दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात,
अ‍ॅसिटिल प्रोपिओनिल, आणि पुढे एक आकडा.
त्याचाच चुलतभाऊ, एक कार्बन जास्त.
एकाला उठवलं, दुसऱ्याला त्याच खुर्चीत बसवलं,
घरात वास तोच.
आणि बाटलीवर मी माझ्या हाताने चिकटवते:
खाद्य दर्जाचे स्वाद.
यात एक अक्षर खोटं नाही.

फोन केला. पलीकडची बाई गोड होती.
म्हणाली, प्रमाण फार कमी आहे.
कशापेक्षा, विचारलं.
सिगारेटपेक्षा, म्हणाली.
हे वाक्य मला पाठ आहे. दिवसातून दहादा मीच म्हणते,
आणि बहुतेक ते खरंही असेल.
पण किती थेंब म्हणजे किती वर्षं,
हे तिला माहीत नाही, मला नाही,
वजनकाट्याला तर नाहीच.

गुरुवारी पाद्री आले. मी कागद पुढे केला.
त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.
"आणि नाही मिळालं तर मी कोपऱ्यावरच्या पंपावर जाणार,
लाल पाकीट घेणार. हेही लिहिलंय का कुठे?"
मी पुदिना दिला. "दात घासल्यासारखं," म्हणाले,
पण घेऊन गेले.

उरलेल्या एकोणीस बाटल्या मोरीत ओतता येत नाहीत.
विषारी कचरा तालुक्याला, महिन्याच्या पहिल्या शनिवारी.
तोवर खोकं गाडीच्या डिकीत.
काल व्हर्लिनला तपासणीला नेलं.
छोटा सिलिंडर मांडीवर, पट्टा लावलेला.
वळणावर मागे बाटल्या किणकिणल्या.
त्याने काही विचारलं नाही.
फक्त काच खाली केली,
बाहेर उणे चार अंश असताना,
आणि पुढचे बावीस मैल तशीच ठेवली.